मांडवाचे सुती कापड आणि ‘नैसर्गिक’ अग्निरोधक प्रक्रिया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढ सरत आला की पुण्याच्या पेठांमध्ये गणेश मंडळांच्या बैठका सुरू होतात, मांडववाल्यांना सुपाऱ्या दिल्या जातात आणि गोदामांतून कनाती, झालरी, पडदे बाहेर निघतात. अलीकडे या बोलण्यांत एक नवे आश्वासन ऐकू येते. ‘आमचे कापड नैसर्गिक पद्धतीने अग्निरोधक केलेले आहे, त्याला आग लागतच नाही’, असे सांगून जास्तीचा दर मागितला जातो आणि पर्यावरणपूरक उत्सव करण्याची मनापासून इच्छा असलेली मंडळे तो देतातही. वस्त्ररसायन हा विषय मी आयुष्यभर शिकवला असल्याने या आश्वासनात खरे किती आणि अपुरे किती, हे वाचकांपुढे, विशेषतः मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे, मांडणे मला माझे कर्तव्य वाटते. सुती कापडावरील नैसर्गिक अग्निरोधक प्रक्रियेमागे पक्के रसायनशास्त्र आहे आणि मांडवासाठी ती उपयोगाचीही आहे. मात्र ती कुठे टिकते आणि कुठे टिकत नाही, ही मर्यादाही तितकीच पक्की आहे आणि ती न सांगता असे कापड विकणे किंवा टांगणे हा माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

कापूस इतक्या चटकन का पेटतो, हे आधी समजून घ्यावे लागेल. एखादा पदार्थ पेटल्यावर जळत राहण्यासाठी भोवतालच्या वायूत ऑक्सिजनचे किमान किती प्रमाण लागते, हे प्रयोगशाळेत मोजता येते. साध्या सुती कापडासाठी हा आकडा सुमारे १८ टक्के येतो आणि लोकरीसाठी सुमारे २५. आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. सुताला हवा तेवढा ऑक्सिजन सदैव हजर असतो आणि लोकरीला तो कमी पडतो, म्हणून घोंगडी धुमसून विझते आणि धोतर भडकते. हा आकडा २६-२७ च्या पुढे नेता आला, तर सुती कापडही ज्योत दूर केल्यावर आपोआप विझू लागते. अग्निरोधक प्रक्रियांचा सारा खटाटोप हा आकडा वर नेण्यासाठी असतो.

सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ते तापून साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि त्यांपासून ज्वालाग्राही वाफा निघतात. ज्योत दिसते ती या वाफांची असते. त्या ज्योतीची धग शेजारच्या सुताला तापवते, तिथून नव्या वाफा निघतात आणि आग कापडावरून वर वर चढत जाते. सेल्युलोजला तुटण्याचा दुसराही एक मार्ग आहे. त्याच्या रेणूंतून पाणी निघून जावे आणि मागे कोळसा उरावा, असे झाले तर जळण्याजोग्या वाफा फारच कमी बनतात. फॉस्फरसयुक्त आम्ले आणि काही क्षार तापल्यावर नेमके हेच घडवतात, तेही कमी तापमानाला, म्हणजे वाफा भडकण्याच्या आधीच. त्यामुळे चांगली प्रक्रिया केलेले कापड ज्योतीत धरल्यावर काळे पडते, आखडते आणि कोळशाची एक जाळी मागे ठेवून विझते. ‘आग लागतच नाही’ हे वाक्य म्हणूनच शास्त्राला धरून नाही. कापड जळतेच. आग पुढे सरकू न देणे एवढेच या प्रक्रियेचे काम आहे आणि गर्दीने भरलेल्या मांडवात तेवढ्यानेही माणसांना बाहेर पडायला मोलाची मिनिटे मिळतात.

ही विद्या जुनी आहे. इसवी सनापूर्वी ८६ मध्ये रोमन सैन्याने ग्रीसमधल्या पायरियस बंदराला वेढा घातला, तेव्हा बचाव करणाऱ्यांनी लाकडी बुरुजाला तुरटी फासून तो आगीपासून राखल्याचा उल्लेख सापडतो. १७३५ मध्ये ओबाडाया वाइल्ड या इंग्रज गृहस्थाने तुरटी, हिराकस आणि टाकणखार (बोरॅक्स) यांच्या मिश्रणावर पेटंट घेतले. पुढे फ्रान्समध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात चालणाऱ्या नाट्यगृहांचे पडदे पेटत, म्हणून राजाच्या आज्ञेवरून गे-ल्युसाक या रसायनशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांचे मिश्रण सुचवले. त्यातला विचार आजही बदललेला नाही. एका घटकाने कोळसा बनवायचा, दुसऱ्याने न जळणारे वायू सोडायचे आणि तिसऱ्याने वितळून धाग्यावर काचेसारखे आवरण धरायचे, अशी ही वाटणी आहे.

आपल्याकडे मांडवासारख्या तात्पुरत्या उभारणीसाठी भारतीय मानक ८७५८ आहे आणि मांडवाचे कापड अग्निरोधक द्रावणात बुडवून काढण्याची कृती अग्निसुरक्षेच्या सूचनांत वर्षानुवर्षे छापली जाते. वजनाने अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २ भाग, टाकणखार १ भाग, बोरिक ॲसिड १ भाग, तुरटी २ भाग आणि पाणी ३५ भाग, असे ते मिश्रण आहे. यातला टाकणखार आणि तुरटी किराणा दुकानात मिळतात, अमोनियम सल्फेट हे शेतकऱ्यांच्या परिचयाचे खत आहे आणि उरलेल्या दोन वस्तू रसायनांच्या कोणत्याही दुकानात मिळतात. तुरटी आणि टाकणखार या दोहोंच्या स्फटिकांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पाण्याचा असतो. कापड तापू लागले की हे पाणी वाफ होऊन निघते आणि जाताना धग शोषून घेते. टाकणखार वितळून धाग्यावर पसरतो. टाकणखार एकटा वापरला तर ज्योत विझल्यावरही कोळशाचा निखारा धुमसत राहतो आणि तो आवरण्यासाठी बोरिक ॲसिडची जोड लागते. मिश्रणातला प्रत्येक पदार्थ असा कामाचा आहे. स्वस्त पडते म्हणून त्यातला एखादा गाळणाऱ्या मांडववाल्याने हे ध्यानात घ्यावे.

ही कृती कागदावर सोपी दिसते, पण प्रत्यक्षात ती बिघडते कुठे, हे सांगितले पाहिजे. मांजरपाटाचे कोरे कापड पाणी पीत नाही. त्यात मागावरची खळ असते आणि कापसाचे मूळचे मेण असते. असे कापड द्रावणात घातले तर ते वरवर ओले होते, आतला धागा कोराच राहतो आणि वाळल्यावर पृष्ठभागावरची पांढरी भुकटी झटकताच गळून जाते. म्हणून कापड आधी सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढून, स्वच्छ धुऊन, पाण्याचा थेंब पडताक्षणी शोषला जातो ना हे पाहून मगच द्रावणात बुडवावे. फवारणीचा पंप मारून काम उरकण्याची पद्धत रूढ होत आहे आणि तिचा दोषही हाच आहे. टांगलेल्या झालरीच्या चुण्यांमध्ये फवारा पोहोचत नाही. दुसरे असे की अमोनियम कार्बोनेट आणि तुरटी एकत्र येताच द्रावण फसफसते आणि अमोनियाचा उग्र दर्प सुटतो. हे काम उघड्या अंगणात करावे, हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना लांब ठेवावे. कापड पिळून, सावलीत आडवे पसरून वाळवावे. दोरीवर उभे वाळत टाकले तर द्रावण निथळून खाली उतरते, मग वरची कड कोरडी राहते आणि खालच्या कडेला क्षार साचतो. प्रक्रिया केलेल्या कापडाला कडक इस्त्री करू नये, कारण अमोनियम सल्फेट आणि तुरटी यांच्यातून तापल्यावर आम्ल सुटते आणि सुताचा कस जातो.

विद्यार्थ्यांना मी नेहमी दोन पट्ट्या करून दाखवत असे, एक धुतलेल्या साध्या मांजरपाटाची आणि एक प्रक्रिया केलेली. साधी पट्टी चिमट्यात उभी धरून खालच्या टोकाला मेणबत्तीची ज्योत लावली की क्षणभर कड तपकिरी होते आणि मग पिवळी ज्योत पट्टीवरून सरसर वर धावते. ज्योत संपल्यावर राखाडी पापुद्र्यावर लाल ठिपके फिरत राहतात आणि बोट लावताच सारे चुरून पडते. दुसऱ्या पट्टीचे टोक ज्योतीत असेपर्यंत पेटल्यासारखे दिसते, पांढुरका धूर येतो, पण मेणबत्ती बाजूला घेताच ज्वाला मावळते. उरतो तो काळा, किंचित फुगलेला, पण विणीचा प्रत्येक धागा ओळखू येईल असा कोळसा, आणि त्याच्या वर दोन बोटांवर कापड जसेच्या तसे पांढरे असते. ज्याने हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला, त्याला मांडववाल्याच्या शब्दावर विसंबून राहावेसे वाटणार नाही.

आता मर्यादांकडे वळतो, कारण पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. वर सांगितलेले सगळे क्षार पाण्यात विरघळतात. पाण्यातून ते धाग्यात गेले तसेच पाण्यातून बाहेर पडतात. गणेशोत्सव भाद्रपदात येतो आणि पुण्यात तेव्हा पावसाच्या सरी चालूच असतात. मांडवाच्या बाहेरच्या अंगाचे, छताचे आणि कमानीचे कापड दोन-तीन चांगल्या सरींत भिजून निथळले की त्यातला बराचसा क्षार पदपथावर वाहून गेलेला असतो. ऊन पडून ते कापड वाळते, तेव्हा ते प्रक्रिया केल्यासारखे दिसते, पण पेटते साध्या कापडासारखे. बाहेरच्या कापडासाठी या द्रावणावर भरवसा ठेवता येणार नाही. आतला गाभारा, देखाव्यामागचे पडदे, आतल्या कनाती आणि छताची आतली झालर इथे पाऊस पोहोचत नाही आणि विजेच्या तारा, दिवे, समया, उदबत्त्या नेमक्या इथेच असतात. द्रावणाचे खरे कार्यक्षेत्र हे आहे.

त्यातही एक सावधगिरी हवी. हे क्षार दमट हवेतला ओलावा ओढून घेतात आणि ओलसर क्षारातून वीज वाहू शकते. प्रक्रिया केलेल्या कापडावरून उघडे सांधे असलेल्या तारा नेणे, किंवा ते लोखंडी खिळ्यांवर महिनोन्‌महिने ताणून ठेवणे टाळलेच पाहिजे. गोदामात वर्षभर घडी घालून ठेवलेल्या कापडावर पुढच्या वर्षी पुन्हा प्रक्रिया करावी. ‘मागच्या वर्षी केले होते’ हे उत्तर पुरेसे नाही.

ज्या प्रक्रियांना आज ‘हर्बल’ म्हणून पुढे केले जाते, त्यांतली मला सर्वांत जवळची वाटणारी प्रक्रिया आपल्याच राज्यात विकसित झाली आहे. मुंबईत माटुंगा येथे असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या, म्हणजे ‘सिरकॉट’मधल्या, शास्त्रज्ञांनी केळीच्या खोडाचा रस सुती कापडावर वापरून पाहिला. केळीला घड एकदाच लागतो. घड उतरवला की खोड कापून बांधावर टाकले जाते आणि जळगावच्या पट्ट्यात अशा खोडांचे ढीग काय असतात, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. या खोडात मुबलक रस असतो आणि त्या रसात पोटॅशियमसारख्या धातूंचे क्षार आणि फॉस्फेट असतात. शास्त्रज्ञांनी सुती कापडाला आधी टॅनिक ॲसिड आणि तुरटी यांचा पाया दिला, रस अल्कधर्मी केला आणि कापड त्यात भिजवून वाळवले. आपल्या जुन्या रंगाऱ्यांना हिरड्यातले टॅनिन आणि तुरटी ही जोडी परिचयाचीच होती. रंग धाग्याला धरावा म्हणून ते हाच पाया देत असत.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधातले आकडे लक्षणीय आहेत. जळत राहण्यासाठी लागणाऱ्या ऑक्सिजनचे प्रमाण १८ वरून ३० पर्यंत गेले. उभ्या कापडाच्या चाचणीत ज्योत काही सेकंद टिकून विझली. आडव्या कापडाच्या चाचणीत ज्योत धरलीच नाही. केवळ निखारा मिनिटाला साडेसात मिलिमीटर या संथ गतीने सरकला आणि हा वेग साध्या कापडाच्या मानाने जवळजवळ दहापट कमी होता. कापडाला आपसूक एक खाकी छटाही आली. शेतातल्या टाकाऊ खोडापासून एवढे साधते, याचा मला मनस्वी आनंद वाटतो आणि या कामाला जेवढी प्रसिद्धी मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही, याची खंतही आहे. परंतु याही प्रक्रियेपुढचा अडसर धुलाईचाच आहे. केळीच्या रसाचा डाग कपड्यावरून जात नाही हे खरे, तरी आग रोखणारे क्षार साबणाच्या पाण्यात सुटत जातात. कापडाला खाकी छटा आहे, म्हणून ते अजून अग्निरोधक आहे, असे कुणी समजू नये.

परदेशांतील प्रयोगही याच दिशेने चालले आहेत. भाताच्या कोंड्यात आणि बियांत सापडणाऱ्या फायटिक ॲसिडच्या एका रेणूत फॉस्फेटचे सहा गट असतात आणि त्याच्या वजनाचा सुमारे २८ टक्के भाग फॉस्फरसचा असतो. निसर्गात इतका फॉस्फरस एकवटलेला पदार्थ क्वचितच सापडतो. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये नायट्रोजन असतो. अमेरिकेतल्या टेक्सास येथील संशोधकांनी २०१२ मध्ये या दोहोंचे अतिशय पातळ थर आलटून पालटून सुती कापडावर चढवले. तापल्यावर हे थर फुगतात आणि धाग्याभोवती कोळशाचे फेसाळ आवरण तयार होते. इटलीत तुरिन येथे दुधातले केसिन, दही-पनीरच्या निवळीतली प्रथिने आणि चक्क माशांपासून काढलेले डीएनए यांचाही वापर करून पाहण्यात आला. या सगळ्यांत फॉस्फरस किंवा नायट्रोजन वा दोन्ही असल्याने ते काम करतात. मात्र फायटिक ॲसिड तीव्र आम्लधर्मी असल्याने सुताचा कस खाते, म्हणून ते अमोनिया किंवा युरियाने सौम्य करून घ्यावे लागते. कायटोसानचे तीस-तीस थर चढवणे प्रयोगशाळेत जमते, इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये आजच्या घडीला परवडणारे नाही. कोकणच्या किनाऱ्यावर फेकल्या जाणाऱ्या कोळंबीच्या सालांचा आणि मावळातल्या भात गिरण्यांच्या कोंड्याचा असा उपयोग आपल्याच एखाद्या महाविद्यालयाने करून पाहावा, असे मला फार वाटते.

यावर कुणी विचारेल, मग धुण्यातही टिकणारी प्रक्रिया नाही का? आहे, पण ती नैसर्गिक नाही. फॉस्फरसची विशिष्ट संयुगे धाग्याच्या आत शिरवून तिथेच त्यांचे अविद्राव्य जाळे बनवणारी ‘प्रोबान’सारखी पद्धत जगभर वापरात आहे आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत वेल्डिंग किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्यांना अशाच कापडाचा गणवेश मिळायला हवा. एखाद्या ठेकेदाराने कामगारांच्या गणवेशासाठी स्वस्तातले ‘हर्बल’ कापड पुढे केले, तर ते दर आठवड्याला धुतले जाणार आहे, हे व्यवस्थापनाने विसरू नये. टिकाऊ प्रक्रियेच्या कापडालाही धुण्याचे पथ्य असते. जड पाण्यात साबणाने धुतल्यास धाग्यावर चुन्याच्या साबणाचा थर साचतो आणि तो थर स्वतः पेट घेतो. ज्या भागांत बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी वापरले जाते, तिथे साबणाऐवजी डिटर्जंट वापरणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समजही दुरुस्त व्हायला हवा. टाकणखार आणि बोरिक ॲसिड ही खनिजांपासूनच मिळतात, पण बोरिक ॲसिड प्रजननक्षमतेस अपायकारक असल्याने युरोपीय संघाने २०१० मध्ये त्याचा समावेश अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत केला. वर टांगलेल्या झालरीत ते असण्याने कुणाला अपाय होण्याची शक्यता नगण्य आहे. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला, झबल्याला किंवा पाळण्याच्या कापडाला ते लावणे मात्र सर्वथा अयोग्य आहे, कारण बाळ कापड चोखते. याबाबतीत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तिथे सत्तरच्या दशकात मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांसाठी अग्निरोधकतेचे कडक नियम आले आणि ते पाळण्यासाठी कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांवर ‘ट्रिस’ नावाचे ब्रोमीनयुक्त रसायन सर्रास वापरले गेले. अर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी ते जनुकांत बिघाड घडवते, हे दाखवून दिले आणि १९७७ मध्ये त्या कपड्यांवर बंदी आली. आगीपासून वाचवण्यासाठी मुलांच्या अंगावर काय चढवले जात आहे, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. लहान मुलांसाठी प्रक्रियेपेक्षा कपड्याची निवड महत्त्वाची आहे. दिवाळीत मुलांना सुती कपडे घालावेत, हा सल्ला योग्यच आहे, कारण कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. पण घोळदार, झिरझिरीत सुती परकर फुलबाजीच्या ठिणगीने भडकायला वेळ लागत नाही. जाड विणीचा, अंगाबरोबर बसणारा सुती कपडा त्यातल्या त्यात सुरक्षित असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात. स्वयंपाकघरात पदर खोचून काम करण्याची आपल्या आजीची सवय कोणत्याही द्रावणापेक्षा भरवशाची आहे.

मांडवांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. आज मांडवात टांगले जाणारे चमकदार कापड बहुतेक वेळा सुती नसतेच. सॅटिन म्हणून, सिल्क म्हणून जे मिळते ते पॉलिस्टर असते, किंवा सूत आणि पॉलिस्टर यांचे मिश्रण असते. वर दिलेले तुरटी-टाकणखाराचे द्रावण पॉलिस्टरच्या धाग्यात शिरतच नाही. पॉलिस्टर पेटल्यावर वितळते आणि त्याचे जळते थेंब खाली उभ्या असलेल्या माणसांवर पडतात. मिश्र कापडाची गोष्ट तर आणखी वाईट आहे. त्यातल्या सुताचा कोळसा दिव्याच्या वातीसारखा वितळलेल्या पॉलिस्टरला धरून ठेवतो, त्यामुळे ते थेंब गळूनही जात नाहीत आणि कापड सुतापेक्षा जोमाने जळते. अशा कापडावर नैसर्गिक द्रावण फवारून त्याला अग्निरोधक म्हणणे ही सरळसरळ फसवणूक आहे. मंडळांनी निदान आतल्या भागापुरते तरी शुद्ध सुती कापड वापरावे. ते थोडे निस्तेज दिसेल, पण त्यावर प्रक्रिया करता येते आणि ती तपासताही येते.

पुण्याने कापडाच्या आगी पाहिलेल्या आहेत. २०१९ च्या मे महिन्यात उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानाला लागलेल्या आगीत पाच कामगारांचा बळी गेला. २०२१ च्या मार्चमध्ये कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरची शेकडो दुकाने एका रात्रीत खाक झाली. २०२३ च्या गणेशोत्सवात लोकमान्यनगर परिसरातल्या एका मांडवाच्या शिखराला आत आरती चालू असताना आग लागली, आणि त्या वेळी पाऊस आला नसता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. या आगींची कारणे निरनिराळी होती आणि कापडावर प्रक्रिया असती तर त्या टळल्याच असत्या, असे मी म्हणणार नाही. दाटीवाटीने टांगलेले किंवा रचलेले कापड आग किती वेगाने पसरवते, हे मात्र या तिन्ही ठिकाणी दिसले.

महापालिकेच्या अग्निशमन दलाला आणि मंडळांना माझी आग्रहाची विनंती अशी आहे. मांडवाच्या परवानगीसोबत कापड अग्निरोधक असल्याचा एक कागद जोडला जातो आणि तो कागद पुढे कुणी पाहत नाही, ही पद्धत पुरेशी नाही. जागेवर जाऊन पट्टीची चाचणी घ्यावी. अमेरिकेतले अग्निशमन निरीक्षक जागेवर एक साधी कसोटी वापरतात. कापडाची सुमारे अर्धा इंच रुंद आणि चार इंच लांब पट्टी कापून घ्यायची, तिला बारा सेकंद काडीची ज्योत लावायची आणि ज्योत काढल्यावर दोन सेकंदांच्या आत ती विझली पाहिजे. जळते थेंब पडले तर कापड नापास. यासाठी यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. ही चाचणी मांडवापासून दूर, खाली वाळू पसरून आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून करावी. पट्टी एकाच ठिकाणची न घेता झालरीची, पडद्याची आणि वरच्या कडेची अशी वेगवेगळी घ्यावी, कारण फवारणीतली चोरी नेहमी वरच्या कडेला सापडते. पाऊस होऊन गेल्यानंतर बाहेरच्या कापडाची चाचणी पुन्हा घ्यावी. नापास झालेले कापड उतरवायला लावण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला स्पष्ट शब्दांत द्यावा.

मोठ्या मंडळांनी आणि नाट्यगृहांच्या व्यवस्थापनांनी याहून पुढे जावे. कापडाच्या ज्वलनशीलतेच्या चाचणीसाठी भारतीय मानक ११८७१ आणि पडद्यांसाठी १५७४१ आहे. मुंबईतल्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, सस्मिरा यांसारख्या संस्थांकडे कापडाचे नमुने चाचणीसाठी देता येतात. नमुना मात्र विक्रेत्याने आणून दिलेला नसावा, तो टांगलेल्या कापडातून कापून घेतलेला असावा. रंगमंचाचे पडदे वर्षानुवर्षे धुतले जात नाहीत, पावसात भिजत नाहीत आणि प्रकाशझोतांच्या धगीत टांगलेले असतात, म्हणून विरघळणारी नैसर्गिक प्रक्रिया त्यांना उत्तम मानवते. केळीच्या रसाची खाकी छटा मागच्या काळ्या किंवा तपकिरी पडद्यांना बाधणारही नाही. पुण्यातल्या एखाद्या नाट्यगृहाने ‘सिरकॉट’शी बोलून असा प्रयोग करावा आणि वर्षभराने तोच पडदा पुन्हा तपासून आलेले आकडे जाहीर करावेत.

विक्रेत्यांकडून ग्राहकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. कापडात सूत किती आणि पॉलिस्टर किती, प्रक्रियेत कोणते पदार्थ वापरले आहेत, आणि किती धुण्यांपर्यंत ती टिकते याची चाचणी कुठे झाली आहे. ‘आमचा गुप्त आयुर्वेदिक अर्क आहे’ असे उत्तर आले, तर ते कापड घेऊ नये. ज्याच्या कापडात खरोखर तुरटी, टाकणखार किंवा केळीचा रस आहे, त्याला ते सांगताना संकोच वाटण्याचे कारण नाही आणि धुतल्यावर ते निघून जाईल हे सांगतानाही वाटू नये.

मंडळांच्या हाती अजून काही आठवडे आहेत. कापड धुऊन, द्रावणात बुडवून, सावलीत वाळवून, तपासून टांगायला तेवढा अवधी पुरतो. कोणत्याही मंडळाच्या कार्यकर्त्यांना ही कृती शिकायची असेल, तर आपल्या भागातल्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडे त्यांनी जावे. पट्टीचा प्रयोग करून दाखवायला कोणताही शिक्षक आनंदाने तयार होईल.

आपला विश्वासू,
वस्त्ररसायनाचा एक निवृत्त अध्यापक,
सदाशिव पेठ, पुणे